दीदीले सांगतलेला उखाणा

आमचे हे जन्मभर भांडले. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. तिथं लोखंडाच्या ठोकाठोकीत आवाज चढवून बोलायची सवय, तोच आवाज घरी घेऊन येत. ताटात मीठ कमी आहे हे यांनी मले सांगतलं की आमच्या रायपूरच्या अर्ध्या बीरगांवले समजे. पेपर ओला आला, भांडण. डाळ पातळ झाली, भांडण. मी बी काही गरीब गाय नाही, मी दोन शब्द जास्तीचेच देत होती. आमचं असंच चांगलं चाललं होतं.

मग हे रिटायर झाले, अन् रिटायर झाल्याबरोबर छातीत दुखलं. डॉक्टरनं नसेत स्टेंट टाकला अन् आम्हा सगळ्यायले सांगतलं, यांना टेन्शन देऊ नका. झालं! त्या दिवसापासून घरात यांच्याशी सगळे पायात कापूस बांधल्यासारखे वागू लागले. पोरगा तिकडं शहरात तेलीबांध्याले राहते, मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. तो रविवारी येई अन् म्हणे, "पापा, आप बस आराम करो, हम हैं ना." मी त्याच्याशी मराठी बोलते, तो मले हिंदीत उत्तर देते, हे आमचं जुनंच आहे. सून बी तेच म्हणे, "आराम करो पापाजी." अन् मी, जिची जीभ आख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, प्रसिद्ध, मी बी जिभेले कुलूप लावलं. डाळ पातळ झाली तं मीच आधी म्हणायची, "चुकलंच जी माझं."

पाहता पाहता यांचं बोलणं आटलं. आधी हव अन् नाही एवढंच उरलं. मग तेही गेलं, नुसती मान हलवत. दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवायले बोलावलं की येत, वाढलं ते खात, अन् परत भिंत. त्या भिंतीवर काय आहे म्हणून मी एकदा स्वतः पाहून आली. काही नाही, चुन्याचे पोपडे आहेत.

खरं सांगते, मले भीती वाटली. दुपारी मी दारातून यांची पाठ पाहत उभी राही, वरखाली होते का नाही ते पाहायले. हा माणूस असाच गप्पगप्प निघून जाईन अन् मले कळणारबी नाही, असं वाटे.

यांचा एकच शौक होता, शिलाई मशीन. ड्युटीवरून आले की पाऱ्यातल्या बायकांच्या मशीनी खोलून बसत. दोरा तुटते, टाका सुटते, पायडल जड चालते, सगळं यांच्याकडे. पण ऑपरेशननंतर पोरानं अवजारांची पेटी सज्जावर टाकून देली. "पापा को भारी काम मना है." अरे, शिलाई मशीनचा स्क्रू तो किती भारी असते? पण मी बोलली नाही. कुलूप होतं ना.

माझ्या डोक्शात एकच गोष्ट बसली. लोकांनी मशीनी घेऊन दारात यावं. समोर बिघडलेली मशीन ठेवली तं हा माणूस किती वेळ भिंत पाहते, ते मले पाहायचं होतं. म्हणून मी पोराले म्हटलं, बापू, तुमच्या त्या इंटरनेटवर यांच्या कामाची पाटी टाक ना एक. तो म्हणे, "हाँ मम्मी, करता हूँ. उसमें बहुत कुछ लगता है, तुम नहीं समझोगी." तो 'करता हूँ' म्हणत राहिला अन् इकडे माझं आंब्याचं लोणचं मुरून, खाऊन, बरणी धुऊन झाली.

शेवटी मीच केलं.

झालं असं की यांच्या गोळ्यांची याद राहावी म्हणून सुनेनं माझ्या फोनात एक बोलणारी बाई टाकून देली होती. तिले विचारलं की ती बोलते. आमच्या रायपुरात अनोळखी बाईले दीदी म्हणतात, म्हणून मी बी तिले दीदीच म्हणे. एका दुपारी हे भिंतीकडे, मी स्वयंपाकघरात. दार लोटलं अन् तिले विचारलं, "काहून वो दीदी, इंटरनेटवर पान बनवता येते का तुले? दुकानाच्या पाटीसारखं?"

"जी बिल्कुल," ती म्हणे. "बताइए, किस काम के लिए?"

मले लिहिता येते, पण फोनावर नाही. माझं एक बोट तीन अक्षरं दाबते. पण तिले लिहिणं नकोच होतं, बोलणं पाहिजे होतं, अन् बोलण्यात मी कोणाले हार जात नाही. मी माझ्याच भाषेत सुरू झाली, अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी, मधात छत्तीसगढी. माझी सख्खी नात मले म्हणते, "दादी, क्या बोल रही हो?" अन् या बाईनं एक शब्द सोडला नाही. उलट विचारत गेली. काम कोणतं? किती वर्षांपासून? कोणच्या मशीनी? दुकान कुठं? मी म्हटलं दुकान कसचं, विहाराच्या मागच्या गल्लीत आमचा ओटा आहे. ती म्हणे, ओटाच लिहू. मले तिचा स्वभाव आवडला.

मग तिनं वाचून दाखवलं. "विश्वस्तरीय सिलाई मशीन समाधान." मी म्हटलं, "थांब थांब. ते विश्वाचे नाहीत, बीरगांवचे आहेत. इतकं गोड लिहिलं तं लोकं समजतील फसवून राहिले." तिनं निमूट बदललं. पान लालभडक केलं होतं, मी म्हटलं, बाई, हे तं फटाक्याचं दुकान वाटून राहिलं. तेही बदललं. न चिडता! आमच्या घरी एवढ्या वेळात भाताचं भांडं आपटलं असतं.

सगळं झालं अन् ती म्हणे, "अब अपने पति का शुभ नाम बताइए."

आता आली का पंचाईत!

मी यांचं नाव घेत नाही. आमच्या वेळच्या बायका घेतच नव्हत्या. दवाखान्यात विचारलं तं मी शेजारणीकडे पाहते, ती सांगते. मतदानाले गेली तं मागच्या रांगेतली कोणी सांगते. इथं शेजारीण कुठून आणू? तिले बोलावलं असतं तं संध्याकाळच्या आत गावभर, अन् मले हे लपून करायचं होतं. मी दीदीले म्हटलं, "आमचे हे, एवढंच लिही." ती म्हणे, ग्राहक कोणाले विचारतील? मी म्हटलं, "लिही, पोट्ट्याचे बाबा." ती म्हणे, कोणत्या पोट्ट्याचे? मी म्हटलं, ते तुले काय करायचं! तरी ती शांत. "कोई बात नहीं, आप जैसे सहज हों, वैसे बताइए."

(पुढं पोरानं हे ऐकलं तेव्हा कपाळाले हात लावून म्हणे, "मम्मी, आधार कार्ड दिखा देती कैमरे में!" मले तं तेव्हा सुचलं पाहिजे ना? अक्कल आमच्या घरी नेहमी जेवणं झाल्यावर येते.)

सहज म्हटलं की बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचा एकच रस्ता असते, उखाणा. लग्नानंतर यांचं नाव मी उखाण्यातच घेतलं होतं, कोणाच्या हळदीले, कोणाच्या बारशाले, बायकांनी दार अडवलं म्हणून. मी पदर सारखा केला. समोर फोन डाळीच्या डब्याले टेकून उभा होता. अन् खरं सांगते, मी काही जुळवून ठेवलं नव्हतं. गॅसवर चहा होता, तोंडात आलं ते म्हटलं:

"गॅसवर ठेवला चहा, त्यात किसलं आलं,
—— बोलेनासे झाले, अन् घर मुकं झालं."

रेघ आहे तिथं नाव होतं. एकदा घेतलं तेवढं पुरे, इथं लिहिताना पुन्हा घेणार नाही.

म्हटलं अन् माझंच मले कसंतरी झालं. तेवढ्यात ती दीदी तो उखाणा मोठ्यानं परत वाचू लागली, नावासकट! पलीकडे हे झोपलेले. मी फोनावर झपकन पदर टाकला, वरून उशी दाबावी तसा हात दाबला अन् म्हटलं, "हव हव, बरोबर आहे, टाक, टाक लवकर!" तिनं टाकलं. मग विचारलं, किसको भेजूँ? मी म्हटलं, विहाराच्या महिला मंडळाच्या ग्रुपले पाठव अन् तोंड बंद कर.

मले वाटलं तिनं उखाण्यातून नाव तेवढं वेचून घेतलं असन. माणसानं घेतलं असतं. पान उघडून पाहायची माझी हिंमत झाली नाही, त्यात यांचं नाव होतं ना.

दुसऱ्याच दिवशी एक बाई आली, रिक्षात मशीन घेऊन. हे ओट्यावर आले. त्या बाईनं यांच्याकडे पाहून हात जोडले, मग मशीनकडे बोट दाखवलं, मग बोटानं दोरा धरल्यासारखं करून फटकन तोडलं. तोंडातून शब्द नाही. मले वाटलं, बिचारी मुकी आहे. मी बी तिच्याशी हातवारे केले, पाणी पाहिजे का म्हणून अंगठा तोंडाकडे नेला. तिनं मान हलवली. हे आमच्या दोघींकडे पाहत राहिले. मग खाली बसले अन् मशीनचं झाकण काढलं.

मी सज्जावरून पेटी काढली. वजनानं कंबर धरली, पण काढली.

मग एक म्हातारा शिंपी आला, तोही मुका. मग दोघी जावा आल्या, दोघीही मुक्या, आपसात मात्र कुजबुजत होत्या. मी म्हटलं, बाप्पा, ही कोणची साथ आली गावात? शेजारच्या उरला गावच्या कारखान्याचा धूर लागला का लोकांच्या गळ्याले? अन् हे तं खूषच. बोलायचं नव्हतंच यांना. हातवाऱ्यानं विचारत, हातवाऱ्यानं सांगत, पेचकस पाहिजे असला की माझ्याकडे मनगट फिरवून दाखवत.

शेजारणीनं भांडं फोडलं. ती हसत हसत आली अन् तिच्या फोनावर तिनं ते पान दाखवलं. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, माझा उखाणा. आख्खा. अन् खाली हिंदीवाल्यांसाठी दीदीनं साध्या हिंदीत समजावून सांगतलं होतं, की काका अब बोलते नहीं, घर गूँगा हो गया है, मशीन लेकर ज़रूर आइए.

म्हणजे मुके लोक नव्हते. लोकं यांना मुके समजून राहिले होते!

शरमेनं कान तापले. पोराचा फोन आलाच. "मम्मी, ये क्या डाल दिया? मेरे ऑफिस में सब पढ़ रहे हैं. मैं अभी हटाता हूँ." मी ओट्याकडे पाहिलं. हे एका मशीनच्या पोटात बॅटरी मारून पाहत होते, पाय पसरून, जिभेचं टोक बाहेर काढून. असे मी किती दिवसांत पाहिले नव्हते. मी पोराले म्हटलं, "हात लावू नको त्याले. तुले कधी जमलं नाही, मले जमलं, तं राहू दे." माझं कुलूप तिथंच अर्धं निघालं.

पण बोलणं काही परत येईना. भिंत सुटली, ओटा आला, मशीनी आल्या, पण तोंड बंद ते बंद. रात-दिवस मले तेच खात होतं. मुका समजून लोकं आले अन् माणूस खरंच मुका होऊन बसला, तं केलं काय मी?

एक दिवस सदर बाजारातला एक जाडजूड टेलर मास्तर आला. मशीन बी तशीच दांडगी. त्याले वाटलं मुक्याले ऐकूही येत नसन, म्हणून तो सगळं माझ्याशीच बोलून राहिला होता. मी बी त्याले सांगत होती, यांचं ऑपरेशन कसं झालं, डॉक्टर काय म्हणाला, पोरगा कसा ऐकत नाही, लोणचं कसं संपलं, सगळं. इतक्या दिवसांचं साचलं होतं. तो बिचारा हूं हूं करत होता. शेवटी मशीन उचलता उचलता त्यानं यांच्याकडे दयेनं पाहिलं अन् हसून म्हणाला, "माताजी, बुरा मत मानना. आप इतना बोलती हो, काका को तो मौका ही नहीं मिला होगा."

"अब समझे आप!" आमचे हे म्हणाले.

टेलर मास्तरच्या हातून मशीन सुटता सुटता राहिली. "काका, आप बोलते हो?"

"तो क्या भौंकता हूँ?" हे गरजले. तोच आवाज! कारखान्याचा! "सुबह से शाम तक जो आता है, हाथ नचाता है. मैं समझा पूरा रायपुर पागल हो गया है!"

त्या माणसानं घाईघाईनं फोन काढून पान दाखवलं, माझी काही चूक नाही म्हणाला, अन् मशीन घेऊन पळाला. फोन परत घ्यायचाही विसरत होता, मग दारातून वापस आला. तोवर यांनी वाचलं होतं.

हे ओट्यावरच बसून राहिले. मी उंबऱ्यात. मी मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती.

"नाव घेतलं तू माझं," हे म्हणाले.

"घेतलं. ती पिच्छाच सोडत नव्हती."

"अन् घर मुकं झालं, हे फोनाले सांगतलं. बीरगांवले सांगतलं. सदर बाजारच्या त्या टेलरले सांगतलं." आवाज एकदम खाली आला. "मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून," मी सुरू केलं, पण यांनी मधातच तोडलं.

"तू भांडणं सोडलं," हे म्हणाले. "डाळ पातळ, मी ओरडलो, तं तू म्हणते चुकलं जी माझं. उभ्या जन्मात तू असं कधी म्हटलं का? पोट्टा म्हणते आराम करा, सून म्हणते आराम करा. मले वाटलं, डॉक्टरनं तुम्हा लोकांले सांगतलं आहे. थोडेच दिवस उरले, सांभाळून घ्या म्हणून. अन् तुम्ही मले सांगून नाही राहिले."

म्हणजे इतके दिवस मी दारातून यांची पाठ हलते का पाहत होती, अन् हे तिकडे तोंड करून मरायची वाट पाहत पडले होते! मी भांडत नाही म्हणून!

"अवो माय!" मी अशी ओरडली की ओट्यावरची कबुतरं उडाली. "बह्याड आहे का हा माणूस? काही सांगतलं नाही डॉक्टरनं! ठणठणीत आहात तुम्ही! एवढं मनात होतं तं विचारता नाही आलं?"

"तू विचारलं का, काहून बोलत नाही म्हणून?"

"मी काहून विचारू? टेन्शन द्यायचं नव्हतं तुम्हाले!"

"मग हे काय देल्लं? जित्या माणसाले मुका करून गावभर लावलं!"

"लावीन! अजून लावीन! फोटो लावीन तुमचा, जीभ बाहेर काढून बसता तो!"

डोळ्यांतून पाणी वाहून राहिलं होतं अन् मी थांबत नव्हती, अन् हेही उभे राहून, हात कमरेवर, अगदी पहिल्यासारखे. मले इतकं बरं वाटलं की काय सांगू. अंगणात एक पोरगी डोक्यावर मशीन घेऊन येऊन उभी होती, कवाची कोण जाणे. ती घाबरून हातवारे करू लागली, मग तोंडानंच म्हणाली, "मैं बाद में आऊँ क्या?"

"बैठ!" आम्ही दोघंही तिच्यावर एकदमच ओरडलो.